बालीतील कारागिरांची गावे: पहिल्यांदा पाहायला जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पहिल्या खेपेस मी बालीत एका दिवसात कारागिरांची पाच गावे पाहिली, अशी माझी समजूत होती. संध्याकाळी उबुदच्या मुक्कामी टिपणे काढायला बसले, तेव्हा लक्षात आले की दिवसभरात मी पाच वातानुकूलित विक्रीदालने पाहिली होती. हातात पटाशी धरलेला माणूस एकदाच दिसला होता आणि तोही दालनाच्या दाराशी, बसमधून उतरणाऱ्यांना दाखवण्यापुरता बसवलेला होता. दुसऱ्या खेपेस मी बारा दिवस राहिले, गावे निम्मी केली, आणि तेव्हा कुठे कारागिरांच्या अंगणात बसायला मिळाले. दोन खेपांमधल्या चुकांतून जे हाती लागले, ते पहिल्यांदा जाणाऱ्यांना उपयोगी पडेल अशा क्रमाने पुढे लिहिले आहे.

पायरी १: आधी वस्तू ठरवा, मग गाव

बालीत एकेका गावाने एकेक कसब पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. देवळांना आणि राजवाड्यांना जे लागे ते पुरवणारी घराणी एकत्र वसली, आणि त्यांची गावे त्या कामाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. देनपासारहून उबुदकडे जाणारा जुना रस्ता धरला, तर बातुबुलान (दगडी मूर्ती), चेलुक (चांदी), सुकावती (बाजार, चामड्याच्या बाहुल्या), बातुआन (चित्रे) आणि मास (लाकूड) ही गावे जवळजवळ एका ओळीत लागतात. ती इतकी जवळ आहेत की सहलवाले पाचही गावे एका सकाळीत उरकतात, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच.

पूर्वेकडे क्लुंगकुंग भागात कामासान (पारंपरिक चित्रे), तिहिंगान (कांस्याची वाद्ये) आणि गेलगेल (विणकाम) ही गावे आहेत. त्याहीपुढे कारांगासेम भागात सिदेमेन आणि तेंगानान ही कापडाची गावे येतात. माझा सल्ला असा की एका दिवशी एकाच पदार्थामागे जावे. एक दिवस धातू, एक दिवस लाकूड, एक दिवस चित्रे आणि एक दिवस कापड, असे चार दिवस ठेवावेत आणि एका दिवसात दोनापेक्षा जास्त गावे घेऊ नयेत. ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत, त्यांनी मास आणि तेंगानान निवडावे. बाकीचे पुढच्या खेपेला ठेवले तरी चालेल.

पायरी २: तारखा पंचांग पाहून ठरवा

बालीत दोन कालगणना एकत्र चालतात. त्यांपैकी एक आपल्या ओळखीची आहे, कारण ती शकाची आहे. त्यांचा नववर्षदिन, म्हणजे न्येपी, काही वर्षी आपल्या गुढीपाडव्यालाच येतो, तर काही वर्षी सुमारे महिनाभर आधी. २०२६ साली दोन्ही १९ मार्चला येतात आणि दोन्हीकडे शक १९४८ सुरू होतो. आपण त्या दिवशी गुढ्या उभारून शोभायात्रा काढतो, तर तिथे चोवीस तास कोणी घराबाहेर पडत नाही, दिवे लावत नाही आणि विमानतळही बंद राहतो. पर्यटकांनाही हॉटेलाच्या आवाराबाहेर जाता येत नाही. त्यामुळे पाडव्याची सुट्टी जोडून बालीचे तिकीट काढणाऱ्याने हे आधी तपासावे. मात्र न्येपीच्या आधीचे दोन-तीन आठवडे कारागिरी पाहणाऱ्याला पर्वणीचे असतात. आदल्या संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी गावोगावची तरुण मुले बांबू आणि कागदाचे अजस्र राक्षस, म्हणजे ओगोह-ओगोह, बांजारच्या (वाडीच्या) सभामंडपात बांधत असतात. हे काम पाहायला तिकीट लागत नाही. चपला काढून मंडपाच्या कडेला उभे राहिले की कोणीतरी आपणहून समजावून सांगायला येते.

दुसरी कालगणना पावुकोन नावाची, २१० दिवसांची आहे. गालुंगान हा मोठा सण तिच्यानुसार येतो; २०२६ मध्ये तो १७ जूनला आहे आणि त्यानंतर १३ जानेवारी २०२७ ला. गालुंगानपासून दहा दिवसांनी येणाऱ्या कुनिंगानपर्यंत बहुतेक कारखाने बंद किंवा अर्धवट चालू असतात, म्हणून हे दिवस टाळावेत. याच चक्रात तुम्पेक लांडेप नावाचा दिवस येतो. धातूच्या हत्यारांची पूजा करण्याचा हा दिवस म्हणजे थेट आपली खंडेनवमी होय. त्या दिवशी ऐरणीपासून मोटारीपर्यंत सगळ्यांना नैवेद्य दाखवला जातो. लोहार आणि सोनार काम करत नाहीत, पण पूजा पाहू देतात. तारीख मुक्कामाच्या यजमानांना विचारावी. त्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती ठळकपणे छापलेली असते.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत देनपासारला बालीचा कलामहोत्सव भरतो. तिथल्या प्रदर्शनात अनेक गावांचे काम एका छताखाली दिसते. तुलनेसाठी तो उपयोगी आहे, पण अंगणात बसून काम पाहण्याची गोडी त्याला नाही.

पायरी ३: कागदपत्रे, पैसे आणि पिशवीतले सामान

भारतीय पारपत्रधारकांना विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क ५,००,००० रुपिया (इंडोनेशियाचे चलन) असून तो एकदा वाढवता येतो. तोच व्हिसा घरून ऑनलाइन काढता येतो आणि त्यामुळे रांग वाचते. सोबत पुढील गोष्टी ठेवाव्यात:

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले पारपत्र आणि परतीचे तिकीट.
- बाली प्रांताच्या पर्यटक कराची पावती. १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याला १,५०,००० रुपिया भरावे लागतात, आणि ते ऑनलाइन भरता येतात.
- इंडोनेशियात उतरण्यापूर्वी भरायच्या ऑनलाइन घोषणापत्राचा कोड.
- स्कूटर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आपला नेहमीचा परवाना तिथे चालत नाही, आणि अपघात झाल्यास विमाही मिळत नाही.
- कमरेला गुंडाळायचे लुंगीसारखे वस्त्र आणि त्यावर बांधायचा पट्टा, कारण अनेक गावांत कारखान्याशेजारीच देऊळ असते.
- मोजपट्टी, छोटे भिंग आणि वही. भिंगाचा उपयोग चांदी आणि कापड पाहताना होतो. मोजपट्टी नसल्यामुळे मी एक चित्र असे घेतले की ते बॅगेत मावेना.

रुपियातली शून्ये पहिले दोन दिवस डोके फिरवतात. एक लाख रुपिया म्हणजे साधारण सव्वापाचशे रुपये, एवढा एकच आकडा मनात धरला आणि त्याच्या पटीत विचार केला की गोंधळ कमी होतो. दर बदलत असतो, त्यामुळे निघताना तो पुन्हा पाहून घ्यावा. चलन बदलताना फलकावरचा दर इतरांपेक्षा फारच चांगला दिसला, तर त्या दुकानात शिरू नये. तिथे नोटा मोजून दाखवतात आणि हातात देताना काही खाली सरकवतात. नोटा आपण शेवटी मोजाव्यात आणि मोजल्यानंतर त्या पुन्हा समोरच्याच्या हातात देऊ नयेत. खेड्यांतल्या छोट्या कारागिरांकडे कार्ड चालेलच असे नाही, म्हणून रोख रक्कम बरोबर असावी.

पायरी ४: मुक्काम आणि चालक

मुक्काम उबुद किंवा त्याच्या आसपास ठेवावा. समुद्रकिनाऱ्यावरच्या कुटा-सेमिन्याक भागातून रोज येजा करायची म्हटली, तर अर्धा दिवस वाहनकोंडीत जातो. पूर्वेकडच्या गावांसाठी एक-दोन रात्री सिदेमेन किंवा चांदिदासा इथे राहिल्यास तेंगानानला सकाळी लवकर पोहोचता येते.

चालकासह दिवसभराची गाडी हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे, आणि सर्वांत मोठा सापळाही त्यातच आहे. मोठी विक्रीदालने पाहुणे आणणाऱ्या चालकाला विक्रीवर टक्केवारी देतात. ती रक्कम आपल्याच बिलात मिळवलेली असते. चालकाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण गाडीचे भाडे कमी ठेवून तो उरलेली कमाई अशी भरून काढतो. यावर उपाय असा की भाडे ठरवतानाच स्पष्ट सांगावे, ‘खरेदीची दालने नकोत, तुमच्या ओळखीचा कोणी घरी काम करत असेल तर तिथे न्या, आणि त्यासाठी मी भाडे थोडे जास्त देईन.’ दुसऱ्या खेपेस मी असे सांगितले, तेव्हा चालक क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला की त्याचा मेहुणाच मुखवटे कोरतो. पुढचे तीन तास मी त्या मेहुण्याच्या अंगणात होते.

पायरी ५: दारातून आत कसे जावे

बाली घराला भिंतीचे कुंपण असते, आणि दारातून आत शिरताच समोर आणखी एक आडवी भिंत येते. दुष्ट शक्ती सरळ आत येऊ नयेत म्हणून ती बांधलेली असते. ती भिंत दिसली की आपण दुकानात नसून कोणाच्या तरी घरात आहोत, हे ओळखावे. तिथेच थांबून ‘ओम स्वस्त्यस्तु’ म्हणावे. हा त्यांचा रोजचा नमस्कार आहे, आणि तो हात जोडून नीट उच्चारला की समोरच्याचा चेहरा उजळतो. नंतर ‘बोलेह लिहात?’, म्हणजे ‘पाहू का?’, असे विचारावे. छायाचित्रासाठी ‘बोलेह फोतो?’ पुरते. निघताना ‘मातुर सुक्स्मा’ म्हणावे. मोठ्या पुरुषाला ‘पाक’ आणि स्त्रीला ‘इबू’ म्हणावे. तरुण मुलाला ‘ब्ली’, म्हणजे आपल्याकडचे ‘दादा’, म्हटले तर तो खूश होतो.

नावांबाबत एक इशारा द्यायला हवा. वायान, मादे, न्योमान, केतुत ही नावे जन्मक्रमावरून ठेवलेली असतात, म्हणजे पहिले, दुसरे, तिसरे आणि चौथे अपत्य. एका ओळखीच्यांनी मला मासमधल्या ‘वायान’ नावाच्या कोरीवकाम करणाऱ्याकडे जायला सांगितले होते. गावात हे नाव विचारणे म्हणजे कोकणातल्या वाडीत ‘आबा कुठे राहतात?’ असे विचारण्यासारखे ठरले. म्हणून पूर्ण नाव, बांजारचे नाव आणि शक्य असल्यास दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा.

जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या लहान परड्या ओलांडू नयेत, वस्तू डाव्या हाताने घेऊ-देऊ नये, आणि कोणाच्या डोक्याला हात लावू नये. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना देवळात प्रवेश नसतो. हा नियम पटो वा न पटो, तिथले लोक तो पाळतात, म्हणून त्या दिवसांत कारखान्यांचा कार्यक्रम ठेवून देवळे नंतर पाहावीत.

पायरी ६: चेलुक येथील चांदी

चेलुकच्या मुख्य रस्त्यावर ओळीने दालने आहेत. ती सोडून आतल्या गल्लीत शिरावे, म्हणजे हातोडीचा आवाज ऐकू येतो. बालीतले धातुकाम परंपरेने पांदे नावाच्या समाजाकडे होते, आणि अनेक कारागिरांच्या नावात तो शब्द आजही आढळतो. इथले खास काम म्हणजे ‘जावान’, म्हणजे चांदीच्या बारीक रव्यांची नक्षी. चांदीच्या तारेचे तुकडे तापवले की ते वितळून आपोआप गोल होतात. मग ते एकेक उचलून दागिन्यावर चिकटवतात आणि झाळतात. चिकटवण्यासाठी पारंपरिक गोंद ज्या लाल बियांचा करतात, ती आपलीच गुंज आहे. आपले सोनार जिने सोने तोलत, तिचा इथे असा उपयोग होतो, हे पाहून मला फार मौज वाटली.

दागिन्यावर ९२५ हा शिक्का पाहावा. त्याचा अर्थ ९२.५ टक्के चांदी असा आहे. मात्र शिक्का कोणीही मारू शकतो, म्हणून वजनाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी सांगायला लावावी. रवे भिंगातून पाहावेत. हाताने बसवलेले रवे एकमेकांपासून किंचित वेगळे असतात, तर साच्यातले रवे एकसारखे आणि तळाशी चिकटून ओघळलेले दिसतात. इथे दोन-तीन तासांत स्वतः अंगठी घडवायला शिकवणारे वर्गही चालतात. मी घडवलेली अंगठी वाकडी झाली, पण त्यानंतर मजुरीच्या दरावर घासाघीस करायची माझी इच्छा बरीच कमी झाली.

पायरी ७: मास येथील लाकूड

बाली भाषेत ‘मास’ म्हणजे सोने, पण गाव सुताराचे आहे. सोळाव्या शतकात जावाहून आलेले पुरोहित दांग ह्यांग निरार्थ इथे राहिले, अशी परंपरा आहे. त्यांच्या वंशातली मानली जाणारी ब्राह्मण घराणी कोरीवकामात पुढे आली. इदा बागुस न्याना (१९१२–१९८५) आणि त्यांचे पुत्र इदा बागुस तिलेम (१९३६–१९९३) या दोघांनी इथल्या मूर्तींना लांबट, प्रवाही आणि लाकडाच्या मूळ आकाराशी जुळवून घेणारे रूप दिले. गावात शिरल्यावर यांचे काम आधी पाहून घ्यावे, म्हणजे नंतर जे दिसेल त्याची पारख करता येते.

मराठी माणसाला मासमधले लाकूड ओळखीचे निघते. मुखवट्यांसाठी वापरतात ते ‘पुले’ म्हणजे आपली सातवीण. हलके, पांढरे आणि बिनगाठींचे लाकूड. फणसाचे लाकूड देवळांसाठी चालते. फिकट मूर्तींसाठी जे ‘पांगाल बुआया’, म्हणजे मगरलाकूड, म्हणून दाखवतात ते तिरफळाच्या झाडाचे आहे. खोडावरच्या काट्यांमुळे त्याला मगरीचे नाव पडले. ‘सुआर’ म्हणजे रस्त्याकडेला दिसणारा वर्षावृक्ष. हे सगळे मी त्या मेहुण्याच्या अंगणात बसून पाने आणि साली हुंगत शिकले. तो जमिनीवर बसून लाकूड दोन्ही तळपायांत धरतो आणि वीस-पंचवीस पटाश्यांतली हवी ती न पाहता उचलतो. देवळातल्या विधींसाठीचा मुखवटा असेल तर सातविणीचे झाड तोडत नाहीत. खोडाला आलेल्या फुगवट्याचा तुकडा शुभ दिवस पाहून काढतात, म्हणजे झाड जगते. असे मुखवटे विकायला नसतात. भिंतीवर पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेला मुखवटा दिसला, तर तो उघडायला सांगू नये आणि कोणताही मुखवटा न विचारता तोंडाला लावून पाहू नये.

इथे दोन सापळे आहेत. पहिला चंदनाचा. चंदन म्हणून दाखवलेल्या बऱ्याचशा मूर्ती साध्या लाकडाला सुगंध चोळून केलेल्या असतात. दुसरा ओल्या लाकडाचा, आणि त्यात मी स्वतः सापडले. पहिल्या खेपेस एका दालनातून घेतलेली गणपतीची मूर्ती पुण्यात एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात सोंडेपासून पोटापर्यंत उभी तडकली. बालीची हवा दमट असते, त्यामुळे न वाळवलेले लाकूड तिथे निमूट राहते आणि आपल्याकडे येऊन फुटते. म्हणून लाकूड भट्टीत वाळवले आहे का आणि किती दिवस, हे विचारावे. मूर्ती उचलून पाहावी, कारण आकाराच्या मानाने ती फार जड लागली तर तिच्यात ओल आहे. तळ रंगवलेला असेल तर न रंगवलेली दुसरी मूर्ती मागावी, कारण खरे लाकूड तळाशीच दिसते.

पायरी ८: चित्रांची गावे

उबुदच्या पुरी लुकिसान संग्रहालयात (स्थापना १९५६) अर्धा दिवस घालवल्याशिवाय चित्र विकत घेऊ नये. १९३० च्या दशकापर्यंत बालीतला चित्रकार देवळासाठी किंवा राजासाठी रंगवी आणि सही करत नसे. १९३६ मध्ये उबुदचे राजघराणे, शिल्पकार-चित्रकार गुस्ती न्योमान लेम्पाड, आणि वॉल्टर स्पीस व रुडॉल्फ बोने हे युरोपीय चित्रकार यांनी ‘पिता महा’ ही संघटना उभारली. त्या काळात रोजच्या जीवनाचे विषय चित्रांत आले. बातुआनची चित्रे गडद आणि काठोकाठ भरलेली असतात. केलिकीची तळहाताएवढी आणि सूक्ष्म असतात. हा फरक संग्रहालयात डोळ्यांत भरला की बाजारातली नक्कल लगेच कळते.

माझे मन मात्र कामासानमध्ये रमले. तिथे जाण्यापूर्वी क्लुंगकुंगच्या कर्ता गोसा या जुन्या न्यायमंडपाचे छत पाहावे. त्यावर पंडू आणि माद्री यांना नरकातून सोडवायला गेलेल्या भीमाची कथा रांगांमध्ये रंगवली आहे. महाभारत वाचलेल्या माणसालाही ही कथा नवी वाटते, कारण ती बालीची स्वतःची आहे. हीच शैली कामासानच्या घरांमध्ये जिवंत आहे. सुती कापड तांदळाच्या खळीत बुडवून वाळवतात आणि मोठ्या कवडीने घासून गुळगुळीत करतात. रेषा जाणता चित्रकार काढतो आणि रंग भरायला घरातले सगळे बसतात. जुन्या पद्धतीत गेरू, नीळ, काजळी आणि हाडाचा पांढरा रंग वापरतात. आता पुष्कळ घरी तयार रंगही असतात. कोणते वापरले आहेत ते विचारावे, सरळ उत्तर मिळते. नैसर्गिक रंगांची चित्रे मवाळ दिसतात आणि महाग असतात.

कामासानहून थोड्या अंतरावर तिहिंगान आहे. तांबे आणि कथील यांच्या कांस्यापासून इथे गामेलानची, म्हणजे बालीच्या पारंपरिक वाद्यवृंदाची, वाद्ये घडवतात. भट्टीची खोली मुद्दाम अंधारी ठेवलेली असते, कारण तापलेल्या धातूचा रंग पाहून घाव घालायची वेळ ठरते. बाहेर उभे राहिल्यावर पुण्याच्या तांबट आळीची आठवण आली. वाद्ये जोडीजोडीने करतात आणि जोडीतले एक किंचित चढे ठेवतात. दोन्ही एकत्र वाजली की सूर लाटेसारखा कंप पावतो, आणि या लाटेला ते ‘ओम्बाक’ म्हणतात. भट्टी रोज पेटत नाही, म्हणून आदल्या दिवशी यजमानांकडून फोन करून घ्यावा. नाहीतर नुसते कानस लावणे पाहून परतावे लागते.

सुकावतीजवळच्या पुआया वाडीत चामड्याच्या छायाबाहुल्या आणि नर्तकांचे सोनेरी मुकुट करतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्यांनी इथे अवश्य जावे. चामडे बहुधा गाईचे असते, हे ज्यांना महत्त्वाचे वाटते त्यांनी आधीच लक्षात ठेवावे.

पायरी ९: तेंगानान आणि सिदेमेनचे कापड

तेंगानान हे बालीतल्या जुन्या वस्तीचे, बाली आगा लोकांचे, गाव आहे. गावात वाहनांना प्रवेश नाही. दाराशी देणगी देऊन नोंदवहीत नाव लिहायचे असते. इथले लोक इंद्राला मुख्य देव मानतात. ‘गेरिंगसिंग’ नावाचे कापड इथे विणतात. गेरिंग म्हणजे आजार आणि सिंग म्हणजे नाही. हे कापड अंगावर असले की आजार येत नाही, अशी श्रद्धा आहे. या कापडात ताणा आणि बाणा दोन्ही विणण्याआधी गाठी बांधून रंगवतात आणि विणताना नक्षी जुळवतात. असे दुहेरी काम जगात भारत, जपान आणि इंडोनेशिया एवढ्याच देशांत टिकले आहे. आपल्याकडे ते पाटणचे पटोळे होय. पटोळे विणणारी साळवी घराणी बाराव्या शतकात जालन्याहून पाटणला नेली गेली, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे पटोळी समुद्रमार्गे या बेटांवर पोहोचली आणि इथे मोलाची मानली गेली. गेरिंगसिंगच्या काही नक्ष्यांत अभ्यासकांना पटोळ्याची छाया दिसते.

सूत प्रथम जायफळाएवढ्या केमिरी बियांच्या तेलात कित्येक आठवडे मुरवतात, म्हणजे रंग धरतो. लाल रंग बारतोंडीच्या मुळांच्या सालीपासून येतो आणि त्याला पुन्हापुन्हा बुडवणे व सुकवणे लागते. निळीचे काम मात्र गावात करायला मनाई आहे, म्हणून सूत शेजारच्या बुगबुग गावी जाते. एक कापड पुरे व्हायला वर्षे लागतात. म्हणूनच शेल्याएवढ्या कापडाची किंमतही दशलक्ष रुपियांत सांगतात, आणि त्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती गावाबाहेर ‘गेरिंगसिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त कापडात. खऱ्या कापडात नक्षीच्या कडा किंचित पसरट असतात, दोन्ही बाजू सारख्या असतात आणि रंग तांबूस, काळपट व पिवळसर एवढेच असतात.

कापड परवडले नाही तर ‘आता’ नावाच्या वेलीच्या टोपल्या पाहाव्यात. त्या विणून उन्हात वाळवतात आणि नारळाच्या सोडणांच्या धुरावर धरतात. तपकिरी रंग त्या धुराचा असतो. ताडपत्रांवर सुरीने अक्षरे कोरून त्यात काजळी भरणारे वृद्धही गावात ओसरीवर बसलेले दिसतात.

सिदेमेनला ‘एन्देक’ आणि ‘सोंगकेत’ विणतात. एन्देकमध्ये फक्त बाणा रंगवलेला असतो. सोंगकेतमध्ये पैठणीच्या काठासारखी जर वरून गुंफतात. २०२१ पासून बालीतल्या कर्मचाऱ्यांनी मंगळवारी एन्देक घालावे असे प्रांताने सांगितल्यावर मागणी वाढली आणि तिच्यामागोमाग छापील नकलाही आल्या. कापड उलटे करून पाहावे. छापील कापड मागून फिके असते.

पायरी १०: भाव करणे

सुकावतीच्या बाजारात घासाघीस अपेक्षित असते. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाची बोहनी तिथेही मानतात आणि त्या नोटा इतर वस्तूंवरून फिरवतात. कारागिराच्या घरी मात्र वेगळे वागावे. तिथे दहा-वीस टक्के कमी करता येतील का, असे एकदा विचारावे आणि उत्तर स्वीकारावे. काही घ्यायचे नसेल तर तासभर बसून घेतल्यावर एखादी लहान वस्तू घ्यावी किंवा सरळ पैसे द्यावेत. घेतलेली वस्तू आपल्यासमोर बांधून घ्यावी, कारण दालनात पसंत केलेली आणि पेटीत भरलेली एकच असेल याची खात्री देता येत नाही.

पायरी ११: वस्तू घरी आणणे

कासवाचे कवच, पोवळे, हस्तिदंत यांपासून केलेले काहीही घेऊ नये. तिथे कोणी विकले तरी दोन्ही देशांच्या कायद्यात ते अडकते. ताम्पाकसिरिंगचे हाडावरचे कोरीवकाम गाईम्हशींच्या हाडांवर असते. पावतीवर तसे लिहून घ्यावे. प्रत्येक मोठ्या वस्तूची पावती हातसामानात ठेवावी आणि भारतात किती किमतीपर्यंत सीमाशुल्क माफ आहे, ते निघण्यापूर्वी शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. बातुबुलानचा दगड मोह घालतो, पण तो मऊ ज्वालामुखीय दगड असून वजनाला भारी आणि कोपऱ्यांना नाजूक असतो. शिवाय आता साच्यातले सिमेंटही त्याच्या शेजारी मांडलेले असते. मी तो घेतला नाही.

लाकडाची मूर्ती घरी आल्यावर पहिले दोन महिने पंखा, वातानुकूलन आणि खिडकीतले ऊन यांपासून दूर, कागदात सैल गुंडाळून ठेवावी आणि हळूहळू उघडी करावी. कोकणात राहणाऱ्यांनी टोपल्यांना पावसाळ्यात बुरशी येते हे गृहीत धरावे. कोरड्या ब्रशने झाडून ऊन दाखवले की पुरते. चांदी हवाबंद पिशवीत ठेवावी. गेरिंगसिंग साबणाने धुऊ नये, घडी दर काही महिन्यांनी बदलावी, आणि कपाटात डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवावा.